लाल चिठ्ठीची रांग

आबा, उद्या अकरा वाजता मला पुण्यातल्या एका बैठकीत इंजिनिअर म्हणून माझं मत द्यायचं आहे, आणि आठ दिवस झाले, डोळ्यांपुढे शहर येतच नाही. तुमच्या कारखान्याचं ऊस-यार्ड येतं. प्रश्न तसा सरळ आहे. शहरात शिरणाऱ्या मोठ्या रस्त्यावर रोज सकाळी गाड्या मुंगीच्या पावलानं सरकतात. एक म्हणणं असं की मधल्या दोन लेन वेगळ्या काढाव्यात, टोल भरेल त्यानं तिथून सुसाट जावं, आणि त्या पैशातून बाकीच्यांसाठी बस घ्याव्यात. दुसरं म्हणणं असं की त्याच पट्ट्यात रेल्वे टाकावी. लेन लवकर होते. रेल्वेचं तुम्हाला मी काय सांगावं? बीडच्या रेल्वेच्या सर्व्हेचे दगड तुम्ही तरुणपणी पाहिलेत आणि बीडला आलेली गाडी न बघताच गेलात. गाडी बघायची म्हणून मला परळीला घेऊन गेला होतात, तेही आठवतं. म्हणून लेनवाल्यांची बाजू मला खोटी वाटत नाही. माझ्या शेजारच्या टेबलावरचा सहकारी म्हणतो, टोल काय फक्त श्रीमंतच भरतात का? पाळणाघर बंद व्हायच्या आत पोचायचं असलेली बाईसुद्धा एखाद्या दिवशी भरेलच की. त्याचं बरोबर आहे. तुमचा नातू लहान असताना ती बाई मीच होते.

दुष्काळाच्या त्या साली मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि सुट्टीत घरी आले होते. तुम्ही यार्डाचे कारकून, आलेल्या प्रत्येक गाडीला नंबर देणारे. विहिरी आटलेल्या, उभा ऊस वाळत चाललेला, आणि जो तो आपला ऊस आजच गाळला जावा म्हणून धडपडणारा. बैलगाड्यांची रांग गेटपासून पार फाट्यापर्यंत. यार्डात बैलांना पाणी पाजायची सिमेंटची टाकी कोरडी ठणठणीत, आणि कारखाना म्हणे टँकर परवडत नाही. तुम्ही जेवायला बसला आहात, आई चुलीपुढे भाकरी थापते आहे, आणि मी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर आकृती काढून तुम्हाला समजावते आहे. जो सभासद टाकीत एक टँकर पाणी आणून ओतेल, त्याला लाल चिठ्ठी. लाल चिठ्ठीवाल्याचा ऊस मागच्या गेटनं, रांग न लावता आत. म्हणजे बैलांना पाणी मिळेल आणि रांगही कमी होईल. आई तव्यावरची नजर न काढता म्हणाली, "ज्याच्या हिरीला पानीच न्हाई त्यानं काय करावं?" मी म्हणाले, अगं, पुढचे निघून गेले की त्याचाही नंबर लवकर येईल ना. तुम्ही घास हातात तसाच धरून कागद बघत होतात. "लई डोकं हाय पोरीला," एवढंच बोललात आणि कागदाची घडी करून खिशात घातलीत. मला आभाळ ठेंगणं झालं होतं.

चार दिवसांत टाकी काठोकाठ भरली. संचालक खूश, तुम्ही खूश. मी डबा घेऊन यार्डात आले ती खरं तर माझी करामत बघायलाच. मागच्या गेटनं लाल चिठ्ठीवाले ट्रॅक्टर एकामागून एक येत होते. पण गेटं दोन झाली तरी ऊस ओढून आत नेणारी गव्हाण एकच होती. एक ट्रॅक्टर आत घुसला की रांगेतल्या गाड्या तेवढ्या थांबायच्या. फाट्यापर्यंतचं शेपूट आता फाट्याच्याही पुढे गेलं होतं. तुम्ही रांगेच्या शेवटाकडे चालू लागलात आणि मी मागून. तिथे तेलगावकडचा एक म्हातारा गाडीवान जू उतरवून बसला होता. त्याचा एक बैल रस्त्याच्या कडेला बसलेला, मान टाकून. म्हातारा चिडलेला नव्हता, ते मला अजून सोसत नाही. तो म्हणाला, "सायेब, टाकी भरली म्हनं. लई चांगलं झालं. पन माजा बैल हितं हाय." तुम्ही धोतर खोचून धावत गेलात आणि बादली भरून आणलीत. बैलानं तोंड लावलं नाही. तो उठलाच नाही.

त्याच दुपारी तुम्ही उरलेल्या चिठ्ठ्या वाटायच्या थांबवल्यात. कारखान्याचे दोन जुने ट्रक रांगेच्या शेवटी पाठवलेत. दहा-दहा गाड्यांचा ऊस एका ट्रकात चढवून आत आणवलात, गव्हाणीची पाळी येईपर्यंत यार्डातच रचून ठेवलात आणि मोकळे झालेले बैल टाकीवर पाठवलेत. दोन दिवसांत रांग अर्ध्यावर आली. पण ज्यांनी टँकर ओतले होते ते खवळले. संचालकांनी तुम्हाला बोलावून विचारलं, हे लाल चिठ्ठीचं डोकं कुणाचं? तुम्ही म्हणालात, "माजं." ज्या यार्डाचा तुम्हाला एवढा अभिमान, तिथून उचलून तुम्हाला पोत्यांच्या गोदामात बसवलं, ते रिटायर होईपर्यंत. मला तुम्ही रागावलात ते एकदाच, तेही मी बॅग भरत असताना. "गनित बराबर हाय तुजं. टाकी कुटं हाय आन् बैल कुटं हाय, तेवढं बघायचं राह्यलं." मग एस.टी.त बसवून देताना नवा कंपास घेऊन दिलात. तुमची किती माया होती हो माझ्यावर, आणि मी ती किती सहज घेतली.

गेल्या आठवड्यातल्या बैठकीत मी एवढंच विचारलं, की टोलच्या पैशातून येणाऱ्या बस सुटणार कुठून? नकाशावर डेपो होता शहराच्या आत. रांगेत अडकणारी माणसं राहतात रांगेच्या शेवटाला, तिथे बसही नव्हती आणि थांबाही नव्हता. सहकाऱ्याचा चेहरा उतरला. तो भला माणूस आहे; त्याचंही गणित बरोबरच होतं. माझं मत मी आता लिहून काढलं आहे. रेल्वे करा, पहिलं स्टेशन रांगेच्या शेवटाला करा, आणि रेल्वे येईपर्यंत त्या दोन लेन टोल न लावता बसना द्या. गाडी यायला वेळ लागेल आणि तोवर तुमच्यासारखं कुणी ती न बघताच जाईल, हे मला माहीत आहे. तरीही लिहिलं.

हे पत्र मी उरलेल्या लाल चिठ्ठ्यांच्या पावती-पुस्तकात घालून ठेवणार आहे. तुम्ही गेल्यावर तुमच्या पेटीत ते मला सापडलं होतं. बैठकीतल्या लोकांना पटावं म्हणून टिपणात मी आपल्या यार्डाची हकीकतही घातली आहे. तिथे एक वाक्य असं आहे, की ही योजना यार्डातल्या एका कारकुनानं काढली होती. ते खोडायला सकाळपासून तीनदा पेन उचललं, आबा. ते वाक्य अजून तसंच आहे.