अविधवा नवमीचं पान

मुलुंड, सप्टेंबर १९८६

ती. वनमालाकाकी,

तुझ्या नावाआधी गं. भा. लिहायला आज हातच चालत नाही.

मॉरिशसचा एक मुलगा मुंबईत शिकायला आलाय. त्याच्या बेटावर सगळा ऊस, बोलणं क्रिओल, पण गणपतीत जाखडी नाचतात म्हणाला, आणि वडिलांचं गाव आपलंच निघालं. म्हणून जेवायला बोलावला. त्याने वडिलांचा फोटो दाखवला. काकी, बोटीवरून पडून बुडाले म्हणून कळलेले आपले गुणाजीकाका. जिवंत आहेत.

"पप्पांची पहिली बायको गावी वारली," तो म्हणाला. "अविधवा नवमीला ते तिचं पान वाढतात."



इथे तू त्यांच्यामागे विधवा, तिथे तू सवाष्ण मेलेली.

परवा नवमी. काकी, त्या दिवशी कुंकू लाव, एवढंच लिहायचं होतं. तेही पाठवायचं धाडस नाही.

तुझी पुतणी,
अनुपमा