निळ्यात दिसतं, कोल्ह्यात नाही

९ मार्च २००९, सोम.
निळा, म्हणजे इंटरनेटचं ते निळं e, आज तीनदा अडकला. एक खिडकी बंद केली की दोन उघडतात, आणि त्यातली चित्रं लेकीसमोर बघवत नाहीत. शेवटी वैशालीने इरफानभाईंना बोलावलं. कॉम्प्युटर ह्यांनी त्यांच्याच दुकानातून घेतलेला. त्यांनी इंटरनेट बघायला दुसरा ब्राउझर टाकून दिला, कोल्ह्याचं चित्र असलेला.
"चाची, वो नीला अब छोड दो. उसका दरवाजा दिनभर खुला रहता है, कोई भी घुस जाता है."
"और इसका?"
"इसको वॉचमन है."
वैशाली हसली. मलाही जरा बरं वाटलं.

१० मार्च, होळी
कोल्हा चांगला आहे. चटकन उघडतो. एकाच खिडकीत चार पानं राहतात. मुख्य म्हणजे अक्षरं हवी तेवढी मोठी होतात. उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकत आलाय, निळ्यात वाचताना नाक काचेला टेकायचं. पुरण शिजेपर्यंत दोन बातम्या वाचून झाल्या.

१२ मार्च, गुरु.
कोल्ह्यातून ह्यांची साइट उघडली. हौसेने मराठी लिहिणाऱ्यांची साइट आहे. लूमवरच्या कामावरून आले की हे तासभर टाइप करत बसायचे. विचारलं तर, "काही नाही गं, खाडीचं जरा." हे होते तोवर मी एकही ओळ वाचली नाही. आता दीड वर्षात पाच लेख वाचलेत. एकूण नऊ. चार मुद्दाम राखून ठेवलेत, संपू नयेत म्हणून.
आज तिथे एकही मराठी अक्षर नव्हतं. इंग्रजी अक्षरं, टिंबं, कंस, सगळा कचरा. पानभर. वाटलं कोणीतरी पुसलं. 
निळ्यात उघडून पाहिलं. आहे. बारीक आहे, पण आहे.

१४ मार्च, शनि.
इरफानभाईंना विचारून आले. जुना फॉन्ट आहे म्हणाले. साइट आपली अक्षरं आपणच पाठवते, निळा ती आत घेतो, बाकीचे घेत नाहीत.
म्हणजे ज्या दारातून घाण येते त्याच दारातून ह्यांची अक्षरं येतात. वैशालीला सांगितलं तर म्हणाली, "आई, तू ना." पण निळा काढून टाक म्हणायची ती आता म्हणत नाही.

१८ मार्च, बुध.
साइटवर लाल पट्टी आलीय. नवी अक्षरपद्धत येणार. लेखकांनी आपापले जुने लेख पुन्हा टाइप करून द्यावेत, ३१ मार्चनंतर जुनी पानं दिसणार नाहीत.
लेखकांनी.
वैशाली म्हणाली, घाबरू नकोस. अर्ध्या तासात नऊच्या नऊ पानं पेनड्राइव्हवर घेतली. रात्री नीट जेवले.

२३ मार्च, सोम.
पेनड्राइव्ह घेऊन दुकानात गेलो, कागदावर छापून आणायला. इरफानभाईंकडे तिसरा ब्राउझर आहे, अगदी नवा, रंगीत चेंडूसारखा. "सबसे तेज." तेज आहेच. कचराही तेवढ्याच झटपट दिसला. कोल्ह्यात तेच. त्यांच्या निळ्यातही तेच. फॉन्ट म्हणे साइटच्या पत्त्याला बांधलेला असतो, पानाबरोबर घरी येत नाही, कागदावरही उतरत नाही.
वैशालीचं तोंड एवढंसं झालं. "मला वाटलं, सगळं आलं." पाच दिवस गेले.
इरफानभाई म्हणाले, "यहाँ मेरे नीले में साइट खोलके बैठो, चाची." पण न वाचलेले चार लेख गिऱ्हाइकांच्या मधे बसून वाचायला मन होईना. घरीच हाताने उतरवीन म्हटलं.

२४ मार्च, मंगळ.
दोनशे पानी वही आणली. निळा वीस मिनिटं चालतो, मग गोठतो. त्यात लोडशेडिंग. वैशाली ओरडली, "आधी न वाचलेले घे ना." मी वाचलेल्या पाचांपासूनच सुरुवात केली. 
माझी शाळा तिसरीपर्यंत, तीही नावालाच. वाचायला शिकले ती एसटी स्टँडवर. अंबाडीला माहेरी जाताना गाडीच्या पाट्या बघत. गाडी कुठे जाते ते आधी माहीत असायचं, म्हणून कुठलं अक्षर कुठलं ते जुळवता आलं. पडघ्याचा प पहिला आला. लाजेने कोणाला सांगितलं नव्हतं. ह्यांना दोन वर्षांनी सांगितलं.

२७ मार्च, पाडवा
गुढी वैशालीने उभारली. पाच लेख उतरून झाले. डोळा लाल.

२९ मार्च, रवि.
सातवा झाला, आठवाही. आठव्यात खाडीतल्या होड्या आहेत. ह्यांच्या चिमटे काढायच्या सवयीसकट सगळं आहे. लिहिताना दोनदा हसले. वैशाली आतून विचारत होती, काय झालं.

३० मार्च, सोम.
नववा. नाव 'पाटी'.
स्टँडवर एक बाई कडेवर पोर घेऊन उभी आहे, गाडीच्या पाटीकडे बघून ओठ हलवतेय. तिचा नवरा विसरलेला डबा द्यायला आलाय, तिच्या मागे उभा आहे. तिला माहीत नाही. 'मी तिला हाक मारली नाही, कारण'
इथवर उतरवलं आणि निळा गोठला. पडदा पांढरा. मग लाइट गेली.
म्हणजे माहीत होतं ह्यांना.

३१ मार्च, मंगळ.
सकाळपासून निळा उघडतच नाही. दुकानात धावले. इरफानभाईंनी गिऱ्हाइकाला उठवून मला बसवलं, निळा सुरू करून दिला. साइट उघडेना. सगळेच आपापलं उतरवत असतील. चार वाजता त्यांच्याकडचीही लाइट गेली.
आठ दिवस आधी तिथेच बसले असते तर.

१ एप्रिल, बुध.
पान नाही.
 वैशालीने चहा करून समोर ठेवला.

३ एप्रिल, शुक्र.
पेनड्राइव्हवरचा आठवा लेख कोल्ह्यात उघडला. तसाच कचरा. नुसतं बघायला म्हणून अक्षरं मोठी केली, बोटाएवढी. शेजारी वही उघडी होती.
पहिला शब्द वहीत 'खाडीत'. कचऱ्यातला पहिला शब्द पाच खुणांचा. खाली 'खाडीत' पुन्हा येतं, तिथेही त्याच पाच खुणा. पुढच्या ओळीतही.
इंग्रजी मला येत नाही. पण प सुद्धा येत नव्हता.
वैशालीला दाखवलं. तिने पडद्यावरच्या खुणा वहीशी जुळवून पाहिल्या. म्हणाली, "आई, ह्याला महिना लागेल."

६ एप्रिल, सोम.
वहीच्या मागच्या पानावर एकतीस खुणा जमल्या. त्यातल्या सहा चुकीच्या निघाल्या, खोडल्या. ऱ्हस्व इकार अक्षराच्या आधी येतो, तिथे फसत होते. कोल्ह्यातच बसते आता. डोळा कमी दुखतो.
आज पेनड्राइव्हवरचा नववा पहिल्यांदा उघडला. 'कारण' सापडलं. त्याच्या पुढचा शब्द सात खुणांचा आहे. त्यातल्या तीन मला येतात.