कपाटापलीकडचे बाबा

क्योतो, ८ जुलै १९८६

प्रिय मिसुझुताई,
सा. न. वि. वि.

तू पाठवलेले सुके बांगडे पोचले. एक मी खाल्ला, बाकीचे वसतिगृहाने खाल्ले.

आता लिहितोय त्यावर हसू नकोस, आणि आईला एवढ्यात वाचून दाखवू नकोस. शेजारच्या खोलीतले कुसाकाबे-सान, जे आठ वर्षं एकाच पदवीत रमलेत, त्यांच्या गाद्यांच्या कपाटातून मागच्या काळात जाता येतं. ज्या दिवसाचं वर्तमानपत्र अंथरून आत बसावं, त्या दिवसात दार उघडतं. परतताना आजचा अंक काखेत हवा, एवढंच.

कुसाकाबे-सान परवाच्या परीक्षेला पुन्हा जाऊन बसले. प्रश्न तोंडपाठ होते, तरी नापासच होणार म्हणतात. उत्तरं बघायची राहिली म्हणे! मी गेल्या वर्षीच्या गिओनच्या जत्रेत जाऊन आलो. गर्दीत एकाच्या पायावर पाय पडला, त्याने मला शिवी हासडली. बघतो तर मीच.

ताई, वसतिगृहाच्या मालकीणबाईंच्या माळ्यावर जुन्या अंकांचे गठ्ठे आहेत. त्यात १९५६ सालचेही आहेत. बाबा तेव्हा शिकायला याच घरात राहायचे ना? जाऊ का?

तुझ्या रागाला घाबरणारा, तरी तुझाच,
युझुरू

मियाझू, १२ जुलै

चि. युझुरूस अ. उ. आ.

पत्र वाचून वाटलं, उन्हाने तुझं डोकं फिरलं. दुकानात गिऱ्हाइकाला बांगड्याऐवजी माकूळ बांधून दिलं. पण मग दिवसभर माझे हात कामावर आणि मन त्या कपाटात.

बाबा गेले तेव्हा तू रांगत होतास. मला त्यांचा हात आठवतो, चेहरा फोटोतला. स्वप्नात ते घाटावर उभे असतात, बोलतात, पण मला ऐकू येत नाही.

जा. त्यांना सांग, सदुसष्टच्या फेब्रुवारीत वादळ होईल त्या दिवशी होडी काढू नका. तुझं ते चाचरणं तेवढं आवर. आणि उपाशी जाऊ नकोस. आईला मी काही बोललेले नाही.

तुझ्यावर जीव असलेली,
मिसुझु

क्योतो, २० जुलै

प्रिय ताई,
सा. न. वि. वि.

जाऊन आलो.

दार सरकवलं तर तीच खोली, तीच खिडकी. एक मुलगा खिडकीच्या चौकटीवर पाय टाकून काकडी खात पडलेला. कान अगदी माझे! त्याला वाटलं मी नवा भाडेकरू. तू कपाटात काय करत होतास हेही त्याने विचारलं नाही, अर्धी काकडी पुढे केली.

आम्ही कामो नदीत पाय सोडून बसलो. तासाला का गेला नाहीस विचारलं, तर म्हणाला, आभाळ आलं होतं. ताई, असले हे आपले बाबा! तांबा प्रांतातल्या डोंगरातला मुलगा. शाळेच्या सहलीत पहिल्यांदा समुद्र बघितला तेव्हा मास्तरांची बाही धरून उभा होता म्हणे. चतुर पाण्यावर उतरत होते, ऊन हलत होतं, आणि मला वाटलं, आता काही सांगूच नये, संध्याकाळ होऊच नये.

मग एका दमात सगळं बोललो. मी तुमचा मुलगा, आणि फेब्रुवारी, आणि होडी. तो हसला नाही. त्याने एवढंच विचारलं, तुझी आई कशी आहे? मी म्हटलं, मासे साफ करताना गाते, बेसूर. तो कानापर्यंत लाल झाला! मी वचन मागितलं. तर म्हणाला, वेड्या, तू इथे बसलायस म्हणजे मी समुद्राकडे गेलोच असणार. आणि मला घरी पिटाळलं, जेवण निवेल म्हणून.

ताई, घरी काही बदललं का? बाबा आहेत का? फोन करायचा धीर होत नाही.

उत्तराकडे डोळे लावून बसलेला,
युझुरू

मियाझू, २४ जुलै

चि. युझुरूस अ. उ. आ.

बाबा नाहीत. तुझं पत्र हातात घेऊन मी मागच्या खोलीत बघून आले, खरंच बघून आले. देव्हाऱ्यात फोटो तसाच आहे.

मग आईला सगळं वाचून दाखवलं. तिने सुरी खाली ठेवली. म्हणाली, हे मला ठाऊक आहे. लग्नाआधीच बाबांनी तिला सांगितलं होतं, पुढच्या काळातून एक मुलगा आला होता, माझं मरण सांगून गेला. आई चिडून म्हणाली, मग डोंगरातलीच एखादी बघा की! तर म्हणाले, तो मुलगा मला पुन्हा बघायचाय. आणि कोळ्याच्या घरी घरजावई झाले.

तो अख्खा फेब्रुवारी त्यांनी होडी काढली नाही. कधी दात दुखतोय, कधी कंबर. गाव हसलं. मग वादळात गावातल्या मोरिशितांची होडी उलटली. तिघं उलट्या होडीला धरून होते, किनाऱ्यावरून दिसत होते. आई दार अडवून उभी राहिली. बाबा बूट घालता घालता म्हणाले, या तिघांचं त्या पोराने मला काही सांगितलं नव्हतं गं.

तिघंही वाचले. त्यातला एक अजून आपल्याकडून मासे नेतो आणि आईकडे मान वर करून बघत नाही.

तेव्हा तुझं सांगणं वाया गेलं असं म्हणू नकोस. आई सांगते, तू तान्हा होतास तेव्हा ते तुला मांडीवर घेऊन विचारायचे, काय साहेब, ओळखलंत का?

गुरुवारी दुकान बंद ठेवून आम्ही दोघी येतोय. कुसाकाबे-सानना कपाट आवरून ठेवायला सांग, आणि माळ्यावरून सदुसष्टच्या फेब्रुवारीतला अंक काढून ठेव. आईने निळा किमोनो उन्हात टाकलाय. ती म्हणते, जा म्हणायचं नाही, थांब म्हणायचं नाही. दारात अर्धं राहिलेलं भांडण तेवढं पुरं करायचंय.

माया कमी होऊ देऊ नकोस, आणि स्टेशनवर ये.

तुझी,
मिसुझु