मांजराचा बिल्ला

४ मार्च
पहिला दिवस झकास गेला! कापड रंगवायचा कारखाना, चार लोखंडी टाक्या आणि वाफेचे चारही व्हॉल्व्ह माझ्या ताब्यात. धाकट्या मेव्हण्याने नोकरीला चिकटवलं. तो टाक्या आतून घासतो. इथला नियम एकच. टाकीत उतरणारा आपला पितळी बिल्ला व्हॉल्व्हवर अडकवतो आणि बाहेर आल्यावर तोच काढतो. बिल्ला असेपर्यंत वाफ सोडायची नाही. मेव्हण्याने आपल्या बिल्ल्यामागे खिळ्याने मांजर कोरलंय. गाढव आहे, पण गोड.

बायकोने बॅगेत ते झोपताना नाकाला लावायचं श्वासाचं यंत्र कोंबलंच. डॉक्टर म्हणे झोपेत घसा मिटतो, श्वास अडतो, मेंदूला प्राणवायू कमी पडतो. विसरणं, तिरसटपणा त्यातूनच. वा! म्हणजे माझा रागही आजारच! सोंड लावून झोपायला मी काय हत्ती आहे? टाकलं खाटेखाली.

९ मार्च
माझा डबा कुणीतरी खाल्ला. मेव्हणा हसून म्हणाला, दाजी, माझ्यासमोर तुम्हीच खाल्लात. धडधडीत खोटं!

१३ मार्च
नोंदवहीत कुणीतरी माझ्या अक्षरात लिहितंय. 'दोन नंबर सुरू, अकरा वाजता.' मी हातही लावला नव्हता. मुकादम म्हणतो, तुम्हीच लिहिलंत, मी शेजारीच उभा होतो. सगळे एका माळेचे मणी.

१६ मार्च
मेव्हणा खोलीवर मुक्कामाला होता. म्हणतो, तासात तीसदा तुमचा श्वास थांबला, मी मोजत बसलो, ताईची शपथ आहे, यंत्र लावा. मी ताट भिरकावलं. तो मुकाट्याने फरशी पुसत बसला. फार वाईट वाटलं. रात्री लावणारच होतो.
विसरलो.

१९ मार्च, सकाळी ११.२०
मेव्हणा तीन नंबरमध्ये उतरला. बिल्ला अडकवताना म्हणाला, दाजी, नीट बघून ठेवा. बघितला. पण इथल्या चोरांचा काय भरवसा? काढून माझ्या खिशात ठेवलाय. विसरू नये म्हणून लिहितोय.

११.५५
डोळा लागला होता. नाही, नुसता मिटला होता. तीन नंबरवर बिल्ला नाही. आला वाटतं बाहेर, आणि मला सांगायचंही नाही! बिल्ला नाही बघून मुकादमाने झाकण लावलं, वाफ मागितली. सोडली. कुठेतरी पाइप ठोकतायत. डोकं उठलं. ओरडलो, गप्प बसा रे!

१२.१०
कँटीनमध्ये नाही. कुठे तडमडला? पेनासाठी खिशात हात घातला —
पितळ. मागे मांजर.

वरचं ते ११.२० चं कुणी लिहिलं? अक्षर माझं. मी नाही —

व्हॉल्व्ह आवळला. माणसं झाकण उघडतायत. मला कोपऱ्यात बसवलंय. कुणी माझ्याकडे बघत नाही. अरे, शिव्या तरी द्या!

ठोकत होता. आतून. तो ठोकत होता आणि मी —

आता आवाज नाही.

फोन वाजतोय. बायको. विचारेल, यंत्र लावलं का — तिला काय सांगू, तुझा भाऊ मी —