सांगितले तेवढे आटे

१२ नोव्हेंबर

यशोदाचा उजवा हात गळ्यात! धुळ्याच्या डॉक्टरनं मनगटाला पट्टा बांधला आणि सांगितलं — पिळायचं काम कायमचं बंद. धुणं पिळायचं नाही, आटे फिरवायचे नाहीत. धुण्याचं बघता येईल. आट्यांचं काय?

डॉक्टरनं विचारलं, आटे कसले? समजावून सांगितलं. आपला छोटा ट्रॅक्टर, मागे जमीन सपाट करायचं पातं, आणि दोघांना वरच्या बाजूनं जोडणारा एक दांडा — त्याला टॉप लिंक म्हणतात. दांड्याला आटे असतात. दांडा आखडला की पातं माती ओरबाडतं, लांबवला की पसरवतं. जमीन बदलेल तसं दिवसातून पन्नास वेळा खाली उतरून तो पिळावा लागतो. डॉक्टर म्हणाला, "मग तुम्ही नाही का उतरत?" म्हटलं, मी ड्रायव्हर आहे.

एकतीस वर्षं एसटी चालवली. अपघात शून्य, बिल्ला आहे. त्या एकतीस वर्षांत तिकिटं फाडायला मी एकदाही उठलो नाही. शेतातही तीच पद्धत. मी सीटवरून सांगायचं — "चार आटे आखड" — आणि मागून चालणाऱ्या यशोदानं, म्हणजे बायकोनं, फिरवायचे. सहा वर्षं झाली, एक आटा चुकला नाही.

आणि नेमकी चार डिसेंबरला कृषी सहायक आमच्या शेतात शिवारफेरी आणतोय. दहा गावचे शेतकरी "नानाची सपाटी" बघायला येणार. वाफ्याच्या या टोकाला पाणी सोडायचं, ते कुठेही न थबकता त्या टोकाला गेलं पाहिजे. असं पाणी सोनगीरच्या आसपास फक्त माझ्या शेतात चालतं. हे मी नाही, लोक म्हणतात. मी त्यांना अडवत नाही, एवढंच.

१४ नोव्हेंबर

यशोदाच्या जागी चिंधाला लावला. गडी चांगला, चाळिशीचा, अंगानं दणकट. मी म्हणालो चार, त्यानं चार फिरवले. मी म्हणालो सहा, त्यानं सहा. मोजून, मोठ्यानं आकडे म्हणत. दुपारपर्यंत वाफ्यात असा खड्डा पडला की म्हैस बसेल.

चिंधाला अक्कल नाही. त्याला तसं सांगितलं. तो म्हणाला, "नाना, तू सांगं तितलाच फिरावात." हेच तर! सांगितलं तेवढंच करणारा माणूस काय कामाचा?

(वरचं वाक्य लिहिल्यावर दोनदा वाचलं. काहीतरी खटकतंय. असो.)

१६ नोव्हेंबर

उपाय सापडला. मोबाइलवर पंजाबातला एक शेतकरी दिसला. टॉप लिंकच्या जागी हायड्रॉलिक सिलेंडर! सीटवर बसून लिव्हर ओढली, दांडा आखडला. ढकलली, लांबला. कुणी उतरत नाही, कुणी मागे चालत नाही, कुणाचं मनगट जात नाही. व्हिडिओ अकरा वेळा बघितला. यशोदाला दाखवला. तिनं एकदाच बघितला आणि विचारलं, "याला कोण सांगतं?"

"मी. लिव्हरनं."

"आणि तुम्हाला?"

बायकांना मशीन समजावणं अवघड असतं.

(यशोदा अहिराणी बोलते. लिहिताना मी तिचं बोलणं शुद्ध करून घेतो. सरकारी नोकरीची सवय.)

१८ नोव्हेंबर

धुळ्याला असलमभाईंच्या वर्कशॉपमध्ये गेलो. सिलेंडर, पाइप, पंप — हायड्रॉलिकमध्ये या माणसाचा हात कुणी धरत नाही. पूर्ण उघडल्यावर लांबी किती, मिटल्यावर किती, पिना किती जाड, सगळी मापं घेतली. ट्रॅक्टरला तेलाचा एकच रस्ता, तो ट्रॉली उचलण्यात जातो. म्हणून वेगळा व्हॉल्व्ह, दोन पाइप, आणि सिलेंडर आपोआप सरकू नये म्हणून कुलपासारखा एक तुकडा. माणूस कामाचा, पण चौकस फार. म्हणे, "नाना, आजवर आटे कोण फिरवायचं?"

"घरचीच."

"मग भाभींना घेऊन या एकदा. किती फिरतं, कुठपर्यंत फिरतं, त्यांना माहीत असणार."

मी हसलो. इंजिनाचा आवाज आला म्हणून कंडक्टरला गॅरेजमध्ये कोण नेतं?

२१ नोव्हेंबर

बसवलं! काळ्या पाइपांचा नाग बोनेटपासून मागेपर्यंत. धुळ्याहून हायवेनं ट्रॅक्टर स्वतः चालवत आणला. टोलनाक्याजवळ दोघांनी फोटो काढले. सोनगीरला चहाला थांबलो, तिथे पाच जणांना लिव्हर ओढून दाखवली. सहाव्याला वेळ नव्हता, तरी दाखवली.

घरी यशोदानं डाव्या हातानं सिलेंडरला हळदकुंकू लावलं. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "सहा वर्षं राबलीस. आता शेतात यायचं नाही. घरी आराम कर." केवढं मोठं मन लागतं असं म्हणायला! ती "बरं" म्हणाली आणि आत गेली. आनंद झाला असणार. दाखवत नाही ती.

शेजारच्या समाधानची बायको मोहिनी आली होती. रोज सोनगीरला स्कूटीवर दूध घालते ती. म्हणे, "नाना, मले बी शिकाडा ना ट्रॅक्टर." म्हटलं, पोरी, स्कूटीचं हँडल वेगळं आणि हे स्टेअरिंग वेगळं. याला एकतीस वर्षं लागतात.

२२ नोव्हेंबर

दिवसभर एकटा. एक बोट लिव्हरवर. राजा आहे मी राजा.

२३ नोव्हेंबर

पाणी सोडून पाहिलं. मधोमध तळं. डाव्या अंगाला कोरडं. उजवीकडून पाणी उलटं माझ्याकडेच येत होतं.

असलमनं फसवलं.

२४ नोव्हेंबर

पुन्हा पातं मारलं. आता दोन तळी.

समाधान बांधावर उभा राहून विचारतो, "नाना, मासा सोडाना शेत का?" हसला नाही, म्हणून जास्त लागलं. यशोदा घरी ज्वारी निवडत बसली होती. काय झालं, विचारलंसुद्धा नाही. तिच्या पायांना माती नाही, हे आज पहिल्यांदा दिसलं. बरं वाटायला हवं होतं.

२६ नोव्हेंबर

असलमभाईंना फोन करून वाट्टेल ते बोललो. सिलेंडर सरकतोय, तेल गळतंय, मला टोपी घातली. तो शांतपणे म्हणाला, "येतो."

मोटारसायकलवर आला. सिलेंडरच्या दांड्यावर खडूची रेघ मारली, पातं उचलून ठेवलं आणि तासभर बांधावर बसून राहिला. रेघ केसभरही सरकली नाही. मग म्हणाला, "सिलेंडर ठीक शे, नाना. जुनी लिंक कोठे शे?"

गोठ्यातून काढून दिली. चिंधाची अर्ध्या दिवसाची माती तिच्यावर अजून सुकलेली. असलमनं ती फडक्यानं पुसली, मांडीवर घेतली. बराच वेळ आट्यांवर अंगठा फिरवत होता.

"नाना, तुम्ही किती सांगायचात? चार, सहा?"

"कधी आठ."

"मग हे बघा." दांड्याच्या दोन्ही टोकांना मधले जेमतेम दोन बोटं आटे चांदीसारखे चकचकीत. त्यापुढे सगळा गंज, कंपनीचा रंगसुद्धा तसाच. त्यावर फक्त चिंधाच्या दिवसाचे ताजे ओरखडे. "चार-चार, सहा-सहा फिरले असते तर इथपर्यंत घासले असते. सहा वर्षांत ही लिंक कधी इतकी फिरलीच नाही. अर्धा आटा, पाव आटा... ज्यानं फिरवली त्यानं तुमचं ऐकलंच नाही."

मी म्हणालो, चहा घ्या.

२७ नोव्हेंबर

विचारलं. सरळ विचारलं. यशोदा भाकरी थापत होती, एका हातानं, वेडीवाकडी.

"मी चार सांगितले की तू किती फिरवायचीस?"

"लागतील तेवढे."

"म्हणजे किती?"

"कधी कधी एकही नाही. लिंकला हात लावायचा आणि उभं राहायचं. तुम्ही निघायचात."

तवा तापलेला होता, मीही. म्हटलं, तुला कसं कळायचं? आज तिचं उत्तर जसंच्या तसं लिहितो, शुद्ध न करता. "पानी कोठे थांबस ते पायले समजस." बारा वर्षांची होती तेव्हापासून बापाच्या शेतात पाणी भरायची. अनवाणी. चप्पल का घालत नाहीस म्हणून सहा वर्षं मी तिला ओरडत होतो.

"मग तोंड का नाही उघडलंस?"

"उघडलं असतं तर तुम्ही चालवला असता ट्रॅक्टर?"

जेवलो नाही. भूक होती.

२८ नोव्हेंबर

अबोला. माझ्याकडून. तिच्याकडून नेहमीसारखंच, त्यामुळे फरक कळला नसावा.

सहा वर्षं दहा गावं माझ्या सपाटीचे गोडवे गात होती. लग्नात, मयतीला, पंगतीत. मी मान डोलवायचो. आणि ही समोर वाढत असायची. एकदाही, एकदाही हसू फुटलं नाही तिला. लाज वाटते. लिहिलं, आता खोडत नाही.

शिवारफेरीचा फ्लेक्स लागला. त्यावर माझा फोटो, गॉगल घातलेला. मोटर जळाली असं खोटं सांगून फेरी रद्द करावी का?

२९ नोव्हेंबर

माघार घेतली. म्हटलं, तू मागून चाल, हात कर, मी लिव्हर ओढतो. म्हणजे दोघांचाही मान राहील.

नाही जमलं. ती हात करणार, मी मागे वळून बघणार, मग ओढणार — तोवर पातं चार फूट पुढे. वर मी तिच्या खुणेत माझी थोडी भर घालत होतो. सवय. तिसऱ्या फेरीला ती थांबली. "तुम्ही पुढे बघा. ड्रायव्हरनं पुढे बघायचं असतं." माझंच वाक्य. असलमला फोन तिनंच लावला.

१ डिसेंबर

असलमभाई आले. लांब पाइप टाकले. लिव्हर माझ्या उजव्या हाताशी होती, ती काढून मागच्या मडगार्डला बसवली, बाहेरच्या अंगाला — बाजूनं चालणाऱ्या माणसाचा हात पोचेल अशी. पिळायला नको, दोन बोटांनी ढकलायची. यशोदाला उभं करून उंचीचं माप घेतलं. "भाभी, यहाँ ठीक?" तिनं लिव्हर थोडी खाली घ्यायला सांगितली. माझं माप कुणी घेतलं नाही.

माझ्या हाताशी व्हॉल्व्हच्या जागी दोन भोकं उरली आहेत.

३ डिसेंबर

दोन दिवस काम केलं. ती अनवाणी बाजूनं चालते, पट्टा बांधलेला हात लिव्हरवर. काही बोलत नाही. मीही नाही. स्टेअरिंग सरळ धरायचं आणि पहिला गिअर. सपाटी होताना आवाजच होत नाही, हे मला माहीत नव्हतं. सहा वर्षं माझाच आवाज चालू होता.

संध्याकाळी पाणी सोडलं. चादर अंथरावी तसं गेलं. ती बघत होती, मी तिच्याकडे बघत होतो. सांगायचं होतं काहीतरी. म्हणालो, "मोटर बंद करतो."

४ डिसेंबर

शिवारफेरी झाली. शंभरेक माणसं, साठ-सत्तर मोबाइल. पाणी टोकाला पोचलं, टाळ्या पडल्या. कृषी सहायकानं माइक दिला — "नाना, रहस्य सांगा."

रात्रभर वाक्य पाठ केलं होतं. "ही सपाटी यशोदानं केली, मी फक्त चालवत होतो." तोंडातून आलं, "दोघांनी केली." निम्मंच बोललो, पण निम्मं तरी बोललो.

यशोदाला विचारलं तर माझ्याकडे बघून म्हणाली, "तुमनं बी आयकं, मातीनं बी आयकं." लोकांना वाटलं, विनम्र आहे. माझं किती ऐकलं आणि मातीचं किती, हे मला एकट्यालाच माहीत.

मग बायकांनी तिला घेरलं. मोहिनी विचारत होती, "अक्का, आमनं वावर बी करी देशी?" मी पुढे होऊन म्हणालो, गुरुवारी ट्रॅक्टर आणतो. कुणाचं लक्ष नव्हतं. चिंधाचं होतं. त्यानं मान हलवली.

५ डिसेंबर

कंबर धरली. दिवसभर पडून. यशोदा संध्याकाळी समाधानकडे गेली होती, उशिरा आली. शेडमधून दोनदा ट्रॅक्टर सुरू झाल्याचा आवाज आला. चिंधा बॅटरी बघत असेल.

६ डिसेंबर

ट्रॅक्टर शेडमध्ये नाही. चुलीशेजारी माझी भाकरी झाकून ठेवलेली.

बांधावर गेलो. समाधानच्या वावरात आमचा ट्रॅक्टर. बाजूनं यशोदा, अनवाणी, हात लिव्हरवर. सीटवर मोहिनी. गाडी नाकासमोर सरळ चालली होती. बराच वेळ चूक शोधली. नव्हती.

बदली ड्रायव्हर एका संध्याकाळीत तयार होतो. कंडक्टर मिळत नाही.

चपला बांधावर काढल्या आणि वावरात उतरलो. यशोदानं हातानं थांबायची खूण केली. मी थांबलो. ती म्हणाली, "तठे नका उभा ऱ्हा. तठे पानी थांबस." मी पाय हलवून बघितलं. मला काहीच कळलं नाही. उद्या परत जाणार आहे.