दुसरी बाटली

नंदनवन, नागपूर
११ नोव्हेंबर १९७९

ती. दादास,
शामलाचा जय भीम. वि. वि. ख्यालीखुशाली मागून, आधी कामाचं सांगते, नाहीतर माझ्या पोटात मावणार नाही.

दोन वर्षांपूर्वी दीक्षाभूमीच्या मेळ्यानंतर मी तुमच्यासोबत कन्हानला आले होते, तेव्हा तू मला बंद खाणीच्या खड्ड्यातलं पाणी बाटलीत काढून दिलं होतंस. वहिनी हसत होती, की इतकी कॉलेजं शिकून पोरगी शेवटी डबकं घेऊन चालली. त्या डबक्यात मला काहीतरी सापडलं आहे, दादा. आजवर कोणालाच दिसलं नाही असं काहीतरी.

तुला समजेल असं लिहिते. पाण्यात अमिबा नावाचा एका पेशीचा जीव असतो. तुझ्या पाण्यातल्या अमिबांच्या पोटात मला गोल ठिपके दिसले. रामदासपेठेच्या प्रयोगशाळेतले माझे मार्गदर्शक सर म्हणाले, साधे बॅक्टेरिया आहेत, पुढे चला. दिसतात तसेच, रंगही तसाच घेतात. पण बॅक्टेरियाला खायला घातलं की तो वाढतो. मी याच्यापुढे सतरा प्रकारचं खाणं वाढलं, जावयाचे केले नसते इतके लाड केले, ढिम्म हलला नाही. हा फक्त जिवंत अमिबात वाढतो. आत शिरतो, काही तास गायब होतो, मग एकदम शेकडो निघतात आणि अमिबा फुटतो. ही चाल विषाणूची आहे. देवीचा घे, पोलिओचा घे, सगळे असेच वागतात. फरक इतकाच, की ते इतके बारीक असतात की आमच्या चिनी मातीच्या गाळणीतून आरपार जातात आणि साध्या सूक्ष्मदर्शकात दिसत नाहीत. हा बेटा दिसतो आणि गाळणीत अडकतो. सरांचं म्हणणं, जो अडकला तो विषाणू नव्हे. मी त्यांना म्हटलं की आपण सगळे गाळणीखालचं तपासतो आणि वर राहिलेलं फेकून देतो, मग मोठा विषाणू सापडणार कसा? सर चिडले.

त्यातच सरांनी पाळलेले अमिबाही भराभर मरायला लागले. त्यांनी आमच्या शिपायाला, धोंडबांना, माझ्या सगळ्या बश्या वाफेवर उकळायला लावल्या. बाटलीतलं उरलेलं पाणीही गेलं. माझ्याजवळ ते ठिपके दिसतात अशा चार काचपट्ट्या तेवढ्या उरल्या. आता सरांची अट अशी, की त्याच जागेचं पाणी पुन्हा आणायचं. पुन्हा तेच दिसलं तर ते मानतील, मोठ्या सूक्ष्मदर्शकावर फोटो काढायला मुंबईला पाठवतील आणि माझा प्रबंध याच विषयावर होईल. नाही दिसलं, तर आधीचं सगळं माझ्या हातून घाण शिरल्यामुळे झालं असं लिहून मी सही करायची.

मी स्वस्थ बसलेले नाही. सक्करदऱ्याचं तळं, नाग नदी, घरमालकांची विहीर, गवळ्याच्या म्हशी लोळतात तो खड्डासुद्धा, सगळीकडून बाटल्या भरल्या. लोक मला येडी समजून राहिले. कुठेच नाही. मला सुट्टी मिळत नाही, आणि खाणीच्या कुंपणात पंप चालवणारा खलाशी म्हणून तुलाच जाता येतं. तेवढी एक बाटली भरून पाठव. जुन्या पायऱ्यांपाशी, शेवाळाजवळचं घे.

वहिनीला माझ्या आठवणी सांग. लोभ तर आहेच, बाटलीचं तेवढं विसरू नको.

तुझी,
शामला


कन्हान
२२ नोव्हेंबर १९७९

चि. शामलास,
चंद्रभानचा जय भीम अन् आशीर्वाद. तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा काही समजलं नाही, दुसऱ्यांदा थोडंसं समजलं. रामदासपेठेत काम करून तुझी भाषा लय साजरी झाली वं! पण जावयाचे लाड लिवलं ते वाचून तुझी वहिनी म्हणते, आधी जावई तर आणा म्हणा.

काल ड्युटी सुटल्यावर खड्ड्यावर गेलो. तू सांगतलं तिथंच, पायऱ्यांपाशी, शेवाळ हातानं सरकवून बाटली बुडवली. ओल्या बारदान्यात गुंडाळून ठेवली का रस्त्यानं तापू नये. आपल्या शेजारचा आनंदराव रोज रामदासपेठेत कामाले येते, त्याच्या हाती पत्र अन् बाटली पाठवून राहिलो. त्याले चहा पाज.

एक गोष्ट हाये. साहेब लोक म्हणून राहिले का जुनी खाण रेती टाकून बुजवाची. केव्हा, ते कोणी सांगत नाही. तुले अजून पाणी लागलं तर लवकर सांग.

सर मानो का ना मानो, आपल्या घरात कोणी नवीन काही शोधून काढलं हे मले पुरे हाये. मी खाणीत चौघांले सांगून बसलो. आता तोंडघशी पाडू नको.

तब्येत सांभाळ, अन् घराची ओढ राहू दे.

तुझा दादा,
चंद्रभान


नागपूर
९ डिसेंबर १९७९

ती. दादास,
जय भीम.

काही नाही. पंधरा दिवस बघत बसले, डोळे सुजले. तुझ्या बाटलीत ठिपके नाहीत. ठिपके राहोत, अमिबासुद्धा नाहीत. खड्ड्याच्या पाण्यात एक अमिबा नाही, हे कसं होईल?

बारदाना सोडला तेव्हाच मला शंका आली होती. पाणी लख्ख होतं. मी मनाला समजावलं, थंडीचे दिवस आहेत, गाळ खाली बसला असेल. पण बाटलीच्या तळाशी बोटभरही गाळ नव्हता. दादा, मी तुला पाया पडून विचारते, खरं सांग. दमून आलास आणि घरचंच पाणी भरलंस का? की नदीचं? मी रागावणार नाही असं म्हणत नाही, रागावेन. पण मला कळायला तर पाहिजे. दोन वर्षं मी या एका गोष्टीसाठी लोकांच्या शेणाच्या टोपल्याजवळ बसून पाणी काढलं आहे.

सरांनी मला अठरा तारखेला कागद घेऊन बोलावलं आहे. त्याआधी उत्तर दे. आज मला प्रेमाचं काही लिहवत नाही, ते तू समजून घे.

शामला


कन्हान
१३ डिसेंबर १९७९

चि. शामलास,
जय भीम.

तुझं पत्र वाचून मले पहिले तर असा राग आला का फाडून फेकावं. तीस वर्षांचं नातं, अन् तू मले नळाचं पाणी भरलं का म्हणून विचारते? पाणी खड्ड्याचंच होतं. माझ्या पायाले शेवाळावरून घसरून लागलं, ते अजून दुखून राहिलं. हे मी तुले लिवलं नव्हतं.

मग मी तुझ्या वहिनीले, मनकर्णाले, विचारलं का बाटलीले कोणी हात लावला होता काय. तर ती एकदम खुशीत सांगाले लागली.

मी बाटली ओसरीत ठेवून आंघोळीले गेलो. मनकर्णानं बारदाना सोडून पाहिलं. पाणी हिरवं, गढूळ, वास मारून राहिलेलं. ती म्हणते, हे असं पाणी शामलाबाई रामदासपेठेतल्या मोठ्या मोठ्या लोकांच्या टेबलावर ठेवतील? लोक म्हणतील, पाहा, यांच्या घरचं पाणी असंच राहते. तिनं ते घागरीत ओतलं, तुरटी फिरवली, खाली बसू दिलं. मग नव्या लुगड्याच्या चार पदरांतून गाळलं. बाटली राखेनं घासली. वरचं वरचं निर्मळ पाणी भरलं, बारदाना पुन्हा जसाचा तसा बांधला. मले सांगतलं नाही, काहून का तिले वाटलं हे बायकांचं काम हाये, यात सांगाचं काय.

शामला, तुले माहीत हाये तिच्या गावी तिच्या मायले विहिरीवर किती वेळ ओंजळ करून उभं राहा लागे. ती म्हणते, ज्या लोकांनी आमच्या हातचं पाणी कधी घेतलं नाही, ते आता स्वतःहून मागून राहिले, मग घाण काहून द्याचं?

मी तिले काही बोललो नाही. मी तडक खड्ड्यावर गेलो. सोमवारपासून रेती पडून राहिली. पायऱ्या बुजल्या, शेवाळ बुजलं, ओंजळभर पाणी दिसत नाही. पंपही काढून नेला.

सरांले खरं काय ते सांग. दुसरी बाटली खराब झाली, एवढंच सांगाचं हाये. तुझ्याकडं चार पट्ट्या आहेत ना? हिंमत सोडू नको बापा.

तुझा दादा


नागपूर
१९ डिसेंबर १९७९

ती. दादास,
जय भीम. तुझ्यावर घेतलेल्या संशयाची माफी मागते. पायाला हळद लाव आणि डॉक्टरला दाखव, अंगावर काढू नको.

काल मी सही केली.

खरं सांगायचं ठरवूनच गेले होते. सर होते, इतर दोघे प्राध्यापक होते, सरांचे तीन विद्यार्थी होते. सरांनी सगळ्यांसमोर विचारलं, की दुसऱ्या नमुन्याबद्दल काही सांगायचं आहे का. एक वाक्य बोलायचं होतं. नमुना घरी गाळला गेला, तो धरू नका, मला दुसरी जागा शोधायला वर्षभर द्या. सरांना नियमाने मान्य करावं लागलं असतं. ते हट्टी आहेत, पण नियमाचे पक्के आहेत.

पण मग त्यांनी विचारलं असतं, कोणी गाळला, का गाळला. आणि ते मला त्या खोलीत सांगावं लागलं असतं. मला त्यांची तोंडं दिसत होती, दादा. वहिनीची तुरटी, वहिनीचं लुगडं, चार पदर. वर्षभर चहाच्या वेळी तेच चाललं असतं. आडनाव ऐकून जे आधीच गालात हसतात त्यांना मी आपल्या घरातला माणूस हसायला द्यायचा? माझ्याने झालं नाही. मी म्हटलं, काही सांगायचं नाही. चारही काचपट्ट्या सरांनी मागून घेतल्या आणि धोंडबांना धुवायला दिल्या, कारण काचेची टंचाई आहे.

आता माझा प्रबंध नागपूरच्या विहिरींतल्या बॅक्टेरियांवर होईल. मार्चपर्यंत होऊनही जाईल, त्यात काही कठीण नाही. डॉक्टर शामला म्हणून पाटी लागेल, ती तुझ्या खाणीतल्या चौघांना दाखव. जळली मेली ती पाटी! ते ठिपके खरे होते. मी पाहिले आहेत. पुढे कधीतरी कोणीतरी गाळणीच्या वर राहिलेलं बघेल आणि त्याचं नाव होईल. मी मोठ्या मनाची नाही, मला त्याचं वाईट वाटणार आहे.

वहिनीला यातलं अक्षरही कळता कामा नये. तुला माझी शपथ. सोबत तिच्या नावाची वेगळी चिठ्ठी आहे, मोठ्या अक्षरात, तिला स्वतः वाचता येईल अशी. त्यात लिहिलं आहे की पाणी पोचलं, सरांनी स्वतः उजेडात धरून पाहिलं आणि म्हणाले की इतकं स्वच्छ पाणी या प्रयोगशाळेत कधी आलं नव्हतं. दादा, हे खोटं नाही. ते असंच म्हणाले.

आपल्या लोकांची माया कमी होऊ देऊ नको.

तुझी,
शामला


कन्हान
३० डिसेंबर १९७९

शामलाबाईले मनकर्णाचा जय भीम.
हे पत्र म्याच लिवलं. रात्रशाळेत शिकली तेवढंच येते, चुकलं तर हासू नका.

तुमची चिट्टी मी चार डाव वाचली. शेजारणीलेबी वाचून दाखवली. तुमच्या दादाले म्हटलं, तुमीबी आयका, तर ते उठून बाहीर गेले. त्यायले आजकाल काय झालं समजत नाई, खाण बुजवली म्हणून असंन.

माह्या मायले हे सांगाले पायजे होतं, पण ते आता हाये कुठं. मोठ्या सायबानं आमच्या घरचं पाणी हातात धरून पाह्यलं, अन् चांगलं म्हणलं. मले दोन दिवस जेवन गेलं नाई खुशीनं.

आनंदरावच्या हाती आनिक एक बाटली पाठोली हाये. खड्डा बुजला म्हणून नदीचं आनलं, अन् या डाव दोनदा गाळलं. सरांले द्या. सांगा, लाजू नका, लागन तेवढं मांगा.

तुमची आठोन येते. या एकदा.

मनकर्णा