मुळं नव्हती, बाबा

बाबा,

तुम्ही फिरायला गेलात आणि संडास पुन्हा तुंबला, म्हणून प्लंबरला बोलावून चेंबर उघडायला लावलं. महिनाभर मला ऐकवताय, पाइपाला उतार नाही, झाडाची मुळं आत शिरलीत. एक मूळ निघेल तर शपथ! निघाल्या त्या तुमच्या रक्तदाबाच्या गोळ्यांच्या नऊ पट्ट्या, एकही गोळी न काढलेल्या. प्लंबरसमोर मान खाली गेली माझी. आणि रोज विचारलं की "घेतली म्हटलं ना!" म्हणून माझ्यावरच खेकसायचं!

पाइप मोकळा झालाय. चेंबरच्या झाकणाचं सिमेंट ओलं आहे, त्यावर पाय देऊ नका.

मी नव्या गोळ्या आणायला गेलेय. आल्यावर माझ्यासमोर गिळायची. मग लहानपणी मला करायला लावायचात तसा आ करायचा, जीभ उचलून.